वाचनगटासाठी ग्रंथ निवडताना: ख्रिस्तपुराणापर्यंत कसे पोचलो

सांगलीतल्या आमच्या गटात अकरा जण. चौघं कॅथलिक, तिघं मिरजेच्या जुन्या प्रॉटेस्टंट घरांतले, बाकीचे ज्ञानेश्वरी वाचणारे. कॅथलिक परंपरेतला एक अभिजात ग्रंथ घ्यायचा ठरल्यावर चार नावं आली. हात वर करून मतं घेतली नाहीत. प्रत्येक पुस्तकाची मधली चार पानं मोठ्याने वाचली. सुरुवातीच्या पानांवर काही कळत नाही, तिथे सगळीच पुस्तकं गोड वाटतात.

संत ऑगस्टीनच्या 'कन्फेशन्स'चे १३ भाग. पहिले नऊ आत्मकथन, दहावा स्मृतीवर, शेवटचे तीन काळ आणि सृष्टीच्या उत्पत्तीवर. गटाला गळती लागते ती अकराव्यात, म्हणून घ्यायचंच तर नवव्याला थांबायचं हे पहिल्या दिवशीच सांगून टाका. भाषांतरं वेगवेगळी असली की पान नंबर निरुपयोगी. भाग आणि प्रकरण सांगावं. पेअरची फळं चोरल्याचा प्रसंग दुसऱ्या भागाच्या चौथ्या प्रकरणात, मग प्रत कुठलीही असो.

थॉमस अ केम्पिसच्या 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट'मध्ये प्रकरणं छोटी, म्हणून गटांना ते सोपं वाटतं. पण विकत घेण्याआधी मोजा: चार भागांत २५, १२, ५९ आणि १८, एकूण ११४. चौथा भाग मिस्सातल्या (कॅथलिक उपासनेतल्या) पवित्र संस्काराबद्दल आहे आणि अनेक जुन्या प्रॉटेस्टंट आवृत्त्यांनी तो गाळलाय. आमच्यासारख्या मिश्र गटात निम्म्यांकडे चार भाग आणि निम्म्यांकडे तीन, असा घोळ हमखास होतो. शिवाय सगळा उपदेशच. माना डोलतात, चर्चा होत नाही.

फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेजाचं आत्मचरित्र घेणार असाल तर प्रस्तावना बघा. १८९८ची मूळ आवृत्ती तिच्या बहिणीने बरीच बदललेली होती. तिच्या हस्तलिखितांतला मजकूर जसाच्या तसा १९५६ मध्ये आला.

ही तिन्ही आम्ही इंग्रजीत चाचपली, आणि इंग्रजी न जमणारे गप्पच बसले. तिथेच फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' पुढे गेलं. मूळच्या इंग्लंडच्या आणि १५७९ मध्ये गोव्याला आलेल्या या जेझुइटाने, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, ते मराठी ओवीत लिहिलं. पहिली छपाई १६१६ची. ज्ञानेश्वरीवाले अडखळत नव्हते, उलट चालीवर वाचत होते. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलेलं ऐकून आमच्याकडची सगळ्यात लांब चर्चा झाली.

यातही प्रत जपून निवडा. नेटवर सहज मिळते ती १९०७ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत आहे. ट, ड, ण, ळ यांच्यासाठी तेच रोमन अक्षर दोनदा छापलंय, त्यामुळे वाचणारा दर ओळीला ठेचकाळतो. शांताराम बंडेलू यांची १९५६ची पुण्याची प्रत देवनागरीत आहे. फादर नेल्सन फलकाव यांच्या २००९च्या आवृत्तीत आजच्या मराठीतला अर्थही आहे. गटात तिची निदान एक प्रत हवीच.

मग हिशोब. ग्रंथाचे दोन भाग, दोन पुराणं. पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू म्हणजे अध्याय, दुसऱ्यात ५९, मिळून सुमारे ११ हजार ओव्या. सरासरी एका अवस्वरूला ११५. मोठ्याने वाचताना मिनिटाला चार ओव्या होतात, म्हणजे अर्धा तास. दीड तासाच्या बैठकीत एक अवस्वरू वाचून त्यावर बोलणं एवढंच बसतं; दोन रेटले की चर्चा बुडते. दर पंधरवड्याला एक धरला तर ९५ला साडेतीन वर्षांहून जास्त लागतील. आम्ही बारा निवडले, बहुतेक दुसऱ्या पुराणातले, कारण येशूचं चरित्र तिथे आहे.

पहिल्या पुराणातला पहिला अवस्वरू मात्र वगळू नका. आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्हाला दुसरं पुराण का देत नाही, हा नवख्रिस्ती माणसाने पाद्रींना विचारलेला प्रश्न तिथेच येतो.