बडनेरा ओलांडून नागपूरला

विदर्भ एक्स्प्रेस पहाटे बडनेऱ्याला थांबली आणि आईने मला हलवून उठवलं. "अमरावतीचं स्टेशन हेच ना?" खिडकीबाहेरच्या पिवळ्या पाटीकडे बघत तिने क्रुसाची खूण केली. आम्हा वसईकरांना अमरावती ठाऊक झाली ती 2012 साली. आमच्याकडचे फादर एलायस गोन्साल्विस तिथले बिशप, म्हणजे त्या धर्मप्रांताचे प्रमुख धर्मगुरू, झाले ना! पुढे 3 डिसेंबर 2018 ला, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या सणादिवशीच, नागपूरचे आर्चबिशप म्हणून त्यांचं नाव जाहीर झालं. अशी नावं रोममध्ये दुपारी 12 ला जाहीर होतात, आणि हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे साडेचार झालेले असतात. त्या संध्याकाळी आई शेजारच्या चार घरांत सांगत फिरली होती. "नागपूर एकदा बघायचंय" हे तेव्हापासूनचं.

स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले (आईने तर्री वेगळी मागून घेतली) आणि रिक्षाने सदर भागातल्या संत फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये गेलो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, त्या वेळी नव्हती. आत गारवा होता, मेणबत्त्यांचा वास होता. मी पुढच्या बाकावर बसून वेदीजवळच्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिले. हिलाच ग्रीकमध्ये 'कथेड्रा' म्हणतात, म्हणजे आसन. बिशपचं आसन जिथे, ते कॅथेड्रल.

या आसनापर्यंतची वाट फार मुकी असते. दिल्लीतले पोपचे राजदूत गुपचूप चौकशी करतात आणि तीन नावं रोमला पाठवतात. पोप एक निवडतात, मग त्या धर्मगुरूला विचारणा होते. जाहीर होईपर्यंत त्याने घरच्यांनाही सांगायचं नाही. दीक्षाविधीत तो जमिनीवर पालथा पडतो, सगळे संतांची प्रार्थनामाला म्हणतात, मग बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा ग्रंथ, उघडून डोक्यावर धरलं जातं. मला तो पालथा पडण्याचा क्षण सगळ्यांत मोठा वाटतो. एवढा मान मिळायच्या आधी माणूस फरशीला गाल लावून असतो. आधीच बिशप असलेल्याला नव्या ठिकाणी हा विधी पुन्हा नसतो. आर्चबिशपला मात्र कोकराच्या लोकरीचा, सहा काळे क्रूस असलेला पांढरा पट्टा मिळतो. तो खांद्यावर घ्यायचा, मेंढपाळ कोकरू घेतो तसा.

ज्यांच्या नावाचं हे कॅथेड्रल, ते संत फ्रान्सिस 1602 पासून जिनिव्हाचे बिशप होते, पण ते शहर तेव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्याने त्यांना अ‍ॅनसीत राहूनच काम करावं लागलं. स्वतःच्या कॅथेड्रलमधल्या आसनावर त्यांना कधी बसता आलं नाही! त्याच अ‍ॅनसीतून त्यांच्या नावाचा मिशनरी संघ 1845 साली भारतात आला. नागपूर धर्मप्रांत 1887 चा, आर्चडायोसिस, म्हणजे आर्चबिशपचा धर्मप्रांत, झालं 1953 ला. अमरावती 1955 मध्ये यातूनच वेगळी झाली. गाडीत आम्ही पार केलेली वाट म्हणजे लेकीच्या घरून आईच्या घरी येणंच होतं.

वेदीवरची फुलं बदलणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "कुठून आले जी तुमी?"

वसई म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "आमचे बिशपस्वामी तिकडचेच हायेत न!"

आमचे. आई एकदम गप्प झाली. आम्ही इतकी वर्षं 'आमचे, आमचे' म्हणत होतो. गावातला धर्मगुरू बिशप झाला की गावाला अभिमान मिळतो, पण माणूस द्यावा लागतो. घरचा सण, शेताची वाडी, आपली बोली, सगळं मागे ठेवून तो परक्या उन्हात जातो आणि एक दिवस त्या उन्हातली माणसं त्याला आपला म्हणतात. आईचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

आर्चबिशपना द्यायला म्हणून तिने वसईची सुकेळी आणली होती, केळीच्या सोपात बांधलेली. तिने ते पुडकं पिशवीतून काढून बाईंच्या हातात ठेवलं.

बाईंनी ते नाकाशी नेलं, वास घेतला. "हे केळं हाये का जी?"