टाटामोबाईल २०६: वॉटर बॉडी, एल्बो आणि मॅनिफोल्डचे काम

माझ्या टाटामोबाईल पिकअपच्या दुरुस्तीच्या मागच्या नोंदीत इंजिनाचे हेड बसवून झाल्याचे लिहिले होते. त्यानंतरचे अडीच महिने पाण्याच्या बाजूच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या भागांच्या, कामात गेले आणि ते काम आता पुरे झाले आहे. गाडी १९९३ सालची आहे. टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९८८ मध्ये आणलेल्या या पिकअपमधले ४८३ डीएल इंजिन १९४८ सीसीचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८३ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ९० मिमी. हेच इंजिन पुढे सिएरा, इस्टेट आणि सुरुवातीच्या सुमोलाही आल्यामुळे पिस्टन, रिंगा आणि पॅकिंग सेट थोडी शोधाशोध केली की अजून मिळतात. अडते ते इंजिनाला बाहेरून जोडलेल्या ओतीव भागांपाशी. त्यांचे ओतकाम बदलत गेले आणि जुने भाग भंगारात वितळून गेले.

वॉटर बॉडीच्या, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, खालच्या छिद्रातून पाणी ठिबकत होते. हे छिद्र सील गेल्याची सूचना देण्यासाठीच ठेवलेले असते, पण आधीच्या कोणीतरी ते एम-सीलने बुजवले होते. त्यामुळे गळणारे पाणी बेअरिंगमध्ये शिरत राहिले. बाजारातून दोन नव्या वॉटर बॉडी आणून पाहिल्या. एकीची पुलीची बैठक ७ मिमी पुढे होती, त्यामुळे पट्टा सरळ रेषेत येईना. दुसरीच्या ओतकामात सुईच्या टोकाएवढी छिद्रे दिसत होती. तेव्हा मूळ बॉडीच दुरुस्त करायचे ठरवले आणि दुसऱ्या पंपातील बेअरिंग, सील व इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) तिच्यासाठी वापरायचे असे पक्के केले.

आपल्या सोलापुरात अशा कामाला माणूस मिळतो, हे मला फार मोलाचे वाटते. यंत्रमागांचे सुटे भाग करणारी लेथची दुकाने इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, आणि प्रिसिजन कॅमशाफ्ट्‌सचे कॅमशाफ्ट याच शहरातून परदेशी गाड्यांपर्यंत जातात. अशोक चौकाच्या बाजूला एका अण्णांचे दुकान आहे. मी बॉडी त्यांच्यासमोर ठेवली आणि बेअरिंग बसते तो बोअर मोठा करून आत बुश (धातूची नळी) बसवायची का, असे विचारले. त्यांनी ती उजेडात धरली, बोअरमध्ये बोट फिरवले आणि म्हणाले, "साहेब, आधी बेअरिंग का फिरलं ते बघू. नाहीतर माझी बुशसुद्धा तशीच जाईल."

बेअरिंग आपल्या बैठकीतच फिरू लागल्याचे कारण बोअरमध्येच दिसत होते. बेअरिंग सैल पडल्यावर ते घट्ट बसावे म्हणून कोणीतरी आत सेंटर पंचाने तीस-पस्तीस डॉट मारले होते. प्रत्येक डॉटभोवती उचललेल्या धातूच्या कडेवर बेअरिंग टेकून राहते, पूर्ण पृष्ठभागावर बसत नाही. त्या कडा झिजल्या की ते पुन्हा फिरू लागते आणि बोअर आणखी खाते. त्यातच फॅनचा पट्टा गरजेपेक्षा जास्त ताणलेला होता. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ३० मिमी. बोअर मात्र एका दिशेने ३०.११ आणि काटकोनात ३०.०६ भरला, म्हणजे झीज एकसारखीही नव्हती.

इथे एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण माझी स्वतःची चूक तिथे होता होता टळली. लेथवर बॉडी लावताना झिजलेल्या बोअरला डायल (बारीक फरक दाखवणारे काट्याचे मापक) लावून केंद्र काढायचे नाही. तो बोअर पट्ट्याच्या ओढीने एका बाजूला सरकलेला असतो, आणि त्याच केंद्रावर काम केले तर शाफ्ट कायमचा तिरका राहतो व सील महिन्याभरात गळू लागते. अण्णांनी सीलच्या घरावर डायल लावला, कारण तो भाग कधीच झिजलेला नव्हता, आणि बसण्याचा फेस काटकोनात असल्याची वेगळी खात्री करून घेतली. बोअर ३६ मिमी करून बिडाची बुश बॉडी तापवून बसवली, आणि गार झाल्यावर ती आतून २९.९७ मिमीला फिनिश केली. इम्पेलर दाबताना शाफ्टच्या टोकाला आधार दिला, बेअरिंगच्या कडेला नाही. इम्पेलर आणि बॉडी यांच्यामध्ये फिलर गेजने ०.७ मिमी जागा ठेवली. बुजवलेले छिद्र अर्थातच मोकळे केले.

थर्मोस्टॅटवरचा (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेवरचा) ॲल्युमिनियमचा एल्बो, म्हणजे वाकडी नळी, होजच्या क्लॅम्पखाली इतका खाल्ला गेला होता की नखाने त्याचे पापुद्रे निघत होते. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये भरल्याचा हा परिणाम आहे. आर्गॉन वेल्डिंग करून पाहिले, पण धातू आतपर्यंत कुजलेला असल्याने टाका धरेना. मग नवा ओतून घेतला. जुना भाग जसाच्या तसा साच्यात दाबला तर नवा लहान येतो, कारण ॲल्युमिनियम गार होताना साधारण १.३ टक्के आकसते. म्हणून फेसवर आणि नळीच्या बाहेरून पुट्टी चढवून ३ मिमी जादा ठेवले आणि घासून आकार आणला. बोल्टची छिद्रे मुद्दाम ओतली नाहीत. त्यांच्या केंद्रांमधील ६४ मिमी अंतरात आकसण्यामुळे पाऊण मिमीहून जास्त फरक पडला असता. म्हणून जुना फ्लँज वर ठेवून ती ड्रिल केली.

याच ठिकाणी थर्मोस्टॅट काढून टाकलेला आढळला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो म्हणून अनेक मिस्त्री तो काढतात, पण मला हे पटत नाही. बायपासची वाट उघडी राहिल्याने काही पाणी रेडिएटरकडे न जाता तसेच परत इंजिनात फिरते, आणि थंडीच्या सकाळी इंजिन तापायला फार वेळ घेते. नवा थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तपासला. ८२ अंशांच्या आसपास तो उघडू लागला, तेव्हाच बसवला.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (सिलिंडरांचा धूर एकत्र करून बाहेर नेणाऱ्या ओतीव भागाला) दुसऱ्या आणि तिसऱ्या पोर्टच्या मध्ये तडा होता. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिमीची छिद्रे घेतली, खाच केली, भाग कोळशावर तापवून निकेल रॉडने इंच-इंचाचे टाके दिले आणि रात्रभर चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवला. सकाळी पट्टी लावली तेव्हा फेस ०.६ मिमी वाकलेला निघाला, तो मिलिंगवर सरळ करून घेतला.

आता रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे आहे. पट्टा अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिमी दबेल इतकाच ताणला आहे. गेल्या रविवारी गाडी रिकामी आणि या रविवारी मागे सहा पोती सिमेंट घालून तुळजापूरला नेली. घाट चढताना दोन्ही वेळा तापमानाचा काटा मध्यावरच राहिला. परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवला होता. सकाळी तो कोरडा होता. एल्बोच्या होजखाली मात्र फिकट हिरवा ओलावा दिसतो आहे. क्लॅम्प अर्धा आटा आवळून आठवडाभर पाहणार आहे; तरीही ओल राहिली तर नळीवर होज अडवणारी कड नीट फिनिश झालेली नाही असे समजून एल्बो पुन्हा लेथवर लावेन.