तुम्ही विचारलंत म्हणून: एचेवेरियाला पाणी किती?

गच्चीवर येणारा प्रत्येक जण माझ्या एचेवेरियाकडे, त्या जाड, मांसल पानांच्या झाडाकडे बघून हेच विचारतो, "हिला आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?" मी "माती सुकली की" म्हटलं की चेहरे पडतात. सगळ्यांना वार हवा असतो, सोमवार-गुरुवार असं काहीतरी. वार नसतो हो! मेक्सिकोच्या डोंगरांत खडकाच्या फटीत वाढणारं झाड हे. पाणी पानांत साठवतं, ते उडू नये म्हणून पानांवरची रंध्रं (बारीक छिद्रं) उघडतं तीही रात्री. आणि पुण्याच्या जुलैत कुंडी आठ-आठ दिवस सुकत नाही.

हे शहाणपण पूर्वी नव्हतं. एका जुलैत चार दिवस गावी गेले, शेजारच्या काकूंना "झाडांकडे जरा बघा" सांगून. माझी लाडकी लाउई होती, एचेवेरियाचीच एक जात, पानांवर इतकी पांढरी पूड की बोट लागलं तर ठसा राहतो, पुसलेली पूड त्या पानावर परत येत नाही. आले तेव्हा वरून ठणठणीत दिसली. कुंडी उचलली आणि खालची पानं टपटप गळली, पिवळी, काचेसारखी आरपार. खोड कापलं तर मधोमध तपकिरी ठिपका, म्हणजे सड. अजून वर कापलं, ठिपका. भेंडी चिरावी तशा चकत्या करत गेले. शेवटी खोडच उरलं नाही, नुसती सुटी पानं, आणि सगळी पूड माझ्या बोटांना.

काकूंशी दोन महिने धड बोलले नाही. रोज तांब्याभर घातलं होतं त्यांनी, मायेनं. मग एकदा ती कुंडी रिकामी केली, तर मुळांच्या जागी नर्सरीतला कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) गोळा जाळीसकट तसाच. लावताना तो काढायचा आळस माझाच. पिळला तर इतक्या दिवसांनी पाणी गळलं. काकूंना हे अजून सांगितलेलं नाही.

आता निम्म्याहून जास्त बारीक खडी आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) मातीत घालते, पावसाळ्यात कुंड्या पत्र्याखाली. तरी गेल्या श्रावणात दोन गेल्याच. मग गोळ्याला तरी एवढा दोष का द्यायचा? तांब्यानंही हातभार लावलाच असेल की.

काकूंच्या खिडकीत मीच दिलेली साधी एलेगन्स आहे, तीही एचेवेरियाच. रोज पाणी, आणि गुटगुटीत. मातीची उथळ कुंडी, दिवसभर वारा, म्हणून टिकली, असं मी स्वतःला समजावते. परवा त्याच म्हणाल्या, "तू का गं झाडांना इतकं कमी पाणी घालतेस?"