जिभेखालची गोळी आणि शिरांमधलं रक्त

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी हृदयाच्या अरुंद धमन्या रुंद करते, म्हणून दुखणं थांबतं, असं बहुतेकांना वाटतं. त्यात थोडं तथ्य आहेच. पण नेहमीच्या मात्रेत या औषधाचा खरा जोर शिरांवर, म्हणजे हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्यांवर असतो. एवढं लक्षात आलं की गोळी बसूनच का घ्यायची आणि काही रुग्णांना ती का चालत नाही, हे पाठ करावं लागत नाही.

शरीरातलं जवळपास दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमध्ये असतं. त्यांच्या भिंती पातळ, सहज ताणल्या जाणाऱ्या. त्या किंचित सैलावल्या तरी पायांकडे आणि पोटात बरंच रक्त थांबून राहतं, हृदयाकडे कमी परततं. डावा खालचा कप्पा कमी भरतो. त्याचा आकारही घटतो आणि आतला दाबही. लाप्लासच्या नियमानुसार भिंतीवरचा ताण या दोन्हींवर अवलंबून असल्याने स्नायूची ऑक्सिजनची गरज झपाट्याने उतरते. हृदयाचा स्नायू विश्रांतीतसुद्धा रक्तातला 70 ते 75 टक्के ऑक्सिजन काढून घेत असतो. अडचणीच्या वेळी आणखी ओढून घ्यायला फारसं उरतच नाही, म्हणून मागणी कमी होण्याला एवढं मोल. शिवाय कप्प्यातला दाब उतरला की भिंतीच्या सर्वांत आतल्या थराला रक्त पोचणं सोपं जातं, आणि ऑक्सिजनचा तुटवडा आधी जाणवतो तो याच थराला.

औषधापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. त्यामुळे रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत सायक्लिक जीएमपी हा निरोप पोचवणारा रेणू वाढतो, पेशीतलं कॅल्शियम घटतं आणि स्नायू सैल पडतो. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि म्युराद यांना 1998 चं नोबेल मिळालं.

गोळी 0.3 ते 0.6 मिलिग्रॅमची असते. ती गिळू नये. पोटातून गेलेलं बहुतेक औषध यकृतातच निकामी होतं. तोंड कोरडं असेल तर आधी घोटभर पाणी प्यावं. गुण 1 ते 3 मिनिटांत दिसू लागतो. उभं राहून घेतल्यास रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी जातं आणि माणूस कोसळू शकतो. आडवं झाल्यास उलट रक्त हृदयाकडे परततं आणि औषधाचा फायदा घटतो. म्हणून बसून घ्यायची. चक्कर आलीच तर आडवं करून पाय उंच करावेत. 5 मिनिटांत दुखणं कमी झालं नाही किंवा वाढलं, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत 5-5 मिनिटांनी, एकूण तीनपर्यंत गोळ्या घेता येतात. पण तिन्ही संपेपर्यंत फोन करायचं थांबणं ही घातक चूक आहे. गोळ्या मूळच्या काचेच्या बाटलीतच ठेवाव्यात. प्लास्टिकच्या डबीत औषध उडून जातं आणि नेमक्या वेळी गोळी कुचकामी ठरते.

उजव्या खालच्या कप्प्याला झटका आलेला असेल, तर तो कप्पा परतणाऱ्या रक्ताच्या भरवशावरच चाललेला असतो. तेच रक्त अडवलं की रक्तदाब धाडकन कोसळतो. महाधमनीची झडप फार अरुंद असेल तरीही हीच भीती. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचं सिल्डेनाफिल (व्हायग्रा) सायक्लिक जीएमपीचं विघटन रोखतं, त्यामुळे दोन्ही औषधांचा परिणाम एकमेकांवर चढतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान 24 तास आणि त्याच प्रकारच्या टाडालाफिलनंतर 48 तास नायट्रेट, म्हणजे नायट्रोग्लिसरीन किंवा त्याच गटातलं औषध, घ्यायचं नाही. संकोचापोटी हे डॉक्टरांपासून लपवलं जातं. कृपा करून लपवू नका.

डोकं ठणकणं हा औषधाचाच परिणाम, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. रक्तदाब उतरला की शरीर नाडी वाढवतं, आणि वाढलेली नाडी पुन्हा ऑक्सिजन मागते. रक्तदाबावरचं हायड्रॅलझिन मुख्यतः बारीक धमन्याच सैल करतं, तिथे ही प्रतिक्रिया इतकी जोरात येते की छातीतलं दुखणं बळावू शकतं. नायट्रेटसोबत बीटा ब्लॉकर हे नाडी मंदावणारं औषध देण्यामागे नाडी आवरणं हा एक हेतू असतो.

दिवसरात्र नायट्रेट चालू ठेवलं तर एक-दोन दिवसांतच त्याचा गुण ओसरू लागतो. म्हणून त्वचेवर चिकटवायचा नायट्रेटचा पॅच रोज 10 ते 12 तास, बहुधा रात्री, काढून ठेवतात. याच गटातल्या साध्या मोनोनायट्रेटच्या दोन गोळ्या सकाळी 8 आणि दुपारी 3 अशा, मुद्दाम 7 तासांच्या अंतराने देतात. बारा-बारा तासांनी घेतल्यास शरीराला औषधाविना वेळच मिळत नाही. सकाळ-दुपारच्या वेळांमुळे मोकळ्या राहणाऱ्या रात्रीची जबाबदारी दुसऱ्या औषधावर सोपवलेली असते.