लोहार चाळ ते माळशेज: गाडीला फॉग लाइट लावताना

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये, रात्री दोनच्या सुमारास, सरळगाव सोडून टोकावड्याकडे जाताना माझ्या मोटरसायकलचा हेडलाइट गेला. गाडी साठच्या वेगात, रिमझिम पाऊस, मागे मामेभाऊ, आणि समोर काहीच दिसेना. शेवटची पांढरी पट्टी जिथे पाहिली होती तिच्या अंदाजाने गिअर उतरवत गाडी कडेला घेतली. उतरल्यावर आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला. मोबाइलच्या उजेडात पाहिलं, तर हँडलवरचा फॉगचा, म्हणजे धुक्यासाठी लावलेल्या जास्तीच्या लाइटचा, स्विच एका बाजूने मेणासारखा ओघळला होता. उजाडेपर्यंत आम्ही दोघं एसटीच्या निवाऱ्यात बसून राहिलो.

घरी येऊन हेडलाइटची वाटी उघडली तेव्हा कारण समजलं. एका गॅरेजात लावून घेतलेल्या फॉगची वायर हेडलाइटच्याच वायरवर सोलून गुंडाळली होती आणि वरून काळी टेप मारली होती. फ्यूज नाही, रिले (बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. हेडलाइटचे ५५ वॅट आणि फॉगचे ४०, असा सगळा मिळून जवळजवळ आठ अँपिअर करंट त्या एका बारीक वायरीतून जात होता. गाडीचा मूळ फ्यूज उडाला नाही, कारण एवढा करंट त्याच्या मर्यादेतच होता. तापला तो सैल जोड. म्हणून सांगतो, जास्तीचे लाइट लावणार असाल तर त्यांना बॅटरीपासून स्वतःची वेगळी वायर द्या. हेडलाइटच्या वायरीला हात लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. 

यंदा काम स्वतःच करायचं ठरवलं. आमच्या चाळीतले काका बेस्टमध्ये वायरमन होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, "सामान तू आण, जोड मी बघतो. पण घाई करायची नाही, बाळा."

सामानासाठी शनिवारी निघालो. रविवारी हे बाजार बंद असतात. गाडी घरीच ठेवली. लोहार चाळीत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा दिवस जाईल. सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने चालत गेलो. अकराच्या आत पोचाल तर हातगाड्यांची गर्दी कमी असते आणि दुकानदार नीट बोलतो. इथे वायर घ्यायची. घरातल्या प्लगची कडक वायर नको, पुष्कळ बारीक तारांची मऊ वायर मागा. दोन एलईडी मिळून ४० वॅट असतील तर करंट तीन-सव्वातीन अँपिअर. त्याला १ स्क्वेअर एमएमची वायर पुरते. मी दीडची घेतली, कारण पुढे मोठे लाइट लावायचे झाले तर पुन्हा टाकी उतरवायला नको. लाल पाच मीटर, काळी पाच मीटर, आणि स्विचसाठी पिवळी बारीक तीन मीटर. रंग वेगवेगळेच घ्या. रात्री कुठे बिघाड झाला तर लाल कुठली आणि अर्थची काळी कुठली हे मोबाइलच्या उजेडातही लगेच कळलं पाहिजे.

तिथून मरीन लाइन्सला जाऊन लोकलने ग्रँट रोड, आणि पूर्वेला लॅमिंग्टन रोड. रिले आणि त्याचं सॉकेट, पाण्यापासून झाकलेला ब्लेड फ्यूजचा होल्डर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं), हीट श्रिंकची नळी आणि मल्टिमीटर, सगळं एका तासात झालं. फ्यूज साडेसात अँपिअरचा घ्या, तपकिरी रंगाचा. दुकानदार हमखास पंधराचा निळा हातात ठेवतो आणि म्हणतो, "ये कभी नहीं उडेगा." वेळ आली की उडायलाच तर फ्यूज लावतात.

लाइट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतले. (या सीएसटीचा बोरीबंदरशी संबंध नाही, हे नाव जुन्या सेंट्रल साल्सेट ट्रामवेचं आहे.) इथे एक गोष्ट आवर्जून करा. दुकानात बारा व्होल्टचा सप्लाय असतोच. त्यावर लाइट लावून बघताना आपल्या मल्टिमीटरची लाल वायर दहा अँपिअरच्या खाचेत घालून तो मध्ये जोडा. पहिल्या दुकानात खोक्यावर ४० वॅट छापलेल्या लाइटने १.१ अँपिअर घेतले, म्हणजे जेमतेम १३ वॅट. दुसऱ्या दुकानातला २० वॅटचा लाइट खरोखर १.६ च्या आसपास घेत होता. तोच घेतला. दुकानदार कुरकुरला नाही, उलट त्याच्या पोराला बोलावून म्हणाला, "बघ, असं चेक करायचं असतं."

लाइटचा झोत कसा आहे तेही तिथेच भिंतीवर पाडून बघा. लांब, बारीक झोत मोकळ्या हायवेला बरा. घाटात आणि धुक्यात आडवा पसरलेला आणि वरची कडा सरळ कापलेला झोत लागतो. पिवळा की पांढरा यावर तासन् तास वाद होतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगापेक्षा खूपच मोठे असतात, त्यामुळे पिवळा प्रकाश धुकं भेदून जातो हे खरं नाही. सगळेच रंग सारखे विखुरतात. तरी मी पिवळा घेतला, कारण माझ्या डोळ्यांना तो कमी चमकतो. पण धुक्यात खरा फरक पडतो तो लाइट किती खाली आहे आणि झोत किती आडवा आहे याने.

रविवारी सकाळी चाळीच्या अंगणात काम सुरू झालं. काकांनी आधी बॅटरीची काळी तार काढायला लावली. आधी काळी काढायची आणि शेवटी काळीच लावायची. लाल सोडवताना पाना चेसिसला टेकला तरी मग शॉर्ट होत नाही. फ्यूज बॅटरीच्या लालपासून वीतभर अंतरातच हवा. त्याच्या अलीकडची वायर घासली गेली तर तिला वाचवणारं काहीच नसतं.

रिलेच्या पायांवर आकडे असतात. फ्यूजमधून आलेली लाल ३० वर, लाइटकडे जाणारी ८७ वर, ८५ अर्थला, आणि ८६ वर स्विचमधून येणारी बारीक वायर. या बारीक वायरीला करंट द्यायचा तो पार्किंग लाइटच्या वायरीतून. रिलेची कॉइल त्यातून जेमतेम पाव अँपिअरही घेत नाही, आणि चावी बंद केली की फॉग आपोआप बंद होतात. १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाइटचा स्विचच नाही, इंजिन चालू असलं की दिवा चालूच. म्हणून फॉगला वेगळा स्विच हवाच.

माझा रिले पाच पायांचा निघाला. मधल्या पायावर ८७ए लिहिलेलं असतं. दुपारच्या उन्हात त्यातला बारीक 'ए' मला दिसला नाही आणि मी वायर तिथेच खोचली. बॅटरी जोडताच चावी खिशात असताना दोन्ही लाइट पेटले, आणि चावी लावून स्विच दाबला की विझायचे. काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग बोटाने मधला पाय दाखवला. रिले झोपलेला असतो तेव्हा ३० आणि ८७ए जोडलेले असतात. रात्रभर तसंच राहिलं असतं तर सकाळी बॅटरी झोपली असती. शक्यतो चार पायांचाच रिले मागून घ्या.

जोडांवर काकांनी सगळ्यात जास्त वेळ घालवला. वायर सोलायची ती थिंबलच्या नळीएवढीच. तारांना हलका पीळ द्यायचा, नळीत घालायच्या, क्रिंपिंगच्या पकडीने एकदा तारांवर आणि एकदा वरच्या प्लास्टिकवर दाबायचं. मग थिंबल चिमटीत धरून वायर जोरात ओढायची. "आत्ता निसटली तर बरं," काका म्हणाले, "घाटात निसटायला नको." नऊपैकी दोन निसटल्या. त्या मीच घाईत दाबल्या होत्या. प्रत्येक जोडावर हीट श्रिंकची नळी चढवून लायटरने आकसून घेतली. नळी आधी वायरीत ओवून ठेवायला विसरू नका, नाहीतर जोड पुन्हा तोडावा लागतो.

लाइट लेग गार्डवर खाली बसवले, क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी दिली आणि हादऱ्याने सैल न होणारे नायलॉकचे नट वापरले. वायर टाकीखालून चेसिसला धरून नेली, इंजिनच्या तापणाऱ्या पात्यांपासून आणि सायलेन्सरपासून लांब. टाय आवळण्याआधी हँडल डावीकडे आणि उजवीकडे पार टोकापर्यंत फिरवून बघितलं. रिले सीटखाली, पाय खालच्या बाजूला करून लावला, म्हणजे पाणी आत साचत नाही. लाइटची अर्थ रंगवलेल्या चेसिसला न देता थेट बॅटरीच्या काळीपर्यंत आणली.

मग मीटर लावला. गाडी तीन हजार आरपीएमवर असताना १४.१ व्होल्ट, फॉग लावल्यावर १३.६. आयडलला फॉग आणि ब्रेक लाइट दोन्ही चालू असताना १२.५ पर्यंत उतरत होता. म्हणजे चालत्या गाडीला काही अडचण नाही, पण सिग्नलला थांबून फॉग जाळत बसलं की बॅटरी रिकामी होणार. तुमच्याकडे चालत्या गाडीतही आकडा १३ च्या खाली येत असेल तर कमी वॅटचे लाइट लावा.

संध्याकाळी भिंतीसमोर साडेसात मीटरवर गाडी उभी करून झोत लावला. लाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली आणि झोताची वरची कडा त्या रेघेच्या आठ सेंटिमीटर खाली ठेवली.

पुढच्या शनिवारी पहाटे साडेतीनला लालबागहून माळशेज घाटाकडे निघालो. पूर्व द्रुतगती महामार्गाने ठाणे, रांजनोली नाक्यावरून कोनगाव, दुर्गाडीचा पूल, कल्याण, शहाड. इथपर्यंत फॉगवर झाकणं होती आणि तुम्हीही ती ठेवाच. शहरात या लाइटचा काही उपयोग नाही, समोरच्याला मात्र त्रास होतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या गाडीत फेरफार करायला मनाई करतं. पोलिसांनी थांबवलं तर हुज्जत घालायला जागा नाही. नवीन गाडी असेल तर वॉरंटीचंही आधी विचारून घ्या.

शहाड सोडल्यावर झाकणं काढली. मुरबाडच्या पुढे पूर्ण अंधार लागला आणि डाव्या कडेची साइडपट्टी, खड्डे, झोपलेली कुत्री, सगळं हेडलाइटच्या आधीच दिसायला लागलं. समोरून गाडी आली की डाव्या अंगठ्याने फॉग बंद, गेली की चालू. तरी एका टेम्पोवाल्याने मी बंद करायच्या आतच तीनदा डिपर मारला, मग एका ट्रकनेही. टोकावड्याला चहासाठी थांबलो तेव्हा लक्षात आलं. झोत लावला होता एकट्याच्या वजनावर. आता मागे मामेभाऊ आणि दोघांच्या बॅगा. मागचे शॉक दबले, गाडीचं तोंड वर झालं, झोतही वर चढला. भाऊ म्हणाला, "दादा, मी बसतो गाडीवर, तू खाली कर." चहाच्या टपरीच्या भिंतीवर, बारा नंबरच्या पान्याने दोन्ही लाइट खाली केले, आणि उजवा किंचित डावीकडे वळवला, कारण समोरचा येतो तो आपल्या उजव्या हाताने. त्यानंतर कुणीही डिपर मारला नाही. तेव्हा झोत लावताना नेहमीचा माणूस आणि सामान गाडीवर बसवूनच लावा, आणि तो पाना टूलकिटमध्ये असू द्या.

घाटाच्या मध्यावर धुकं लागलं. सवयीने अप्पर (हेडलाइटचा लांबचा झोत) मारला तर समोर पांढरी भिंतच उभी राहिली. डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर, आलो आणि फॉग लावले. दहा-बारा मीटरवरचा कठडा, त्याच्या पायाशी वाहणारं पाणी, वळणावरचा पांढरा दगड दिसत होते, त्यापुढचं नाही. तेवढ्यात थांबता येईल अशा वेगाने, वीसच्या आसपास, वर पोचलो. लाइट कितीही चांगला असला तरी धुक्यात तेवढंच. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात आणि धबधब्यांपाशी थांबण्यावर बंदीहुकूमही निघतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा आणि कड्याखाली गाडी उभी करू नका.

खुबी फाट्याला पोचलो तेव्हा फटफटलं होतं. भाऊ खिरेश्वरकडे वळून हरिश्चंद्रगड करू म्हणत होता, पण पाऊस वाढला आणि आम्ही नाश्ता करून परत फिरलो.

घरी आल्यावर पाहिलं तर डाव्या लाइटच्या काचेत आतून दोन थेंब जमले होते. मागचे स्क्रू एकेक पेर सैल निघाले. काच उघडून पुसली, रबर पुन्हा बसवलं. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे नट एकदा आवळायचे, हे काकांनी कागदावर लिहून सीटखाली ठेवलं आहे. गाडी अंगणात लावल्या लावल्या ते खाली आले होते. सीट काढून त्यांनी आधी रिलेवर आणि मग एकेका जोडावर बोट ठेवलं.

"कोमट आहे," ते म्हणाले. "सीट लाव."