कांद्याच्या मुळाशी चार शनिवार

जीवशास्त्राच्या प्रयोगांच्या जर्नलमध्ये पहिल्या पानावर 'प्रमाणित करण्यात येते की' असं छापलेलं असतं. त्याखाली मॅडमची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. ती एक सही मिळवायला मला चार शनिवार लागले. अजून डोकं शांत झालेलं नाही, त्यामुळे लिहिताना क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

मी बारावी पीसीएमवाली, म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित, जीवशास्त्र नाही. इंजिनिअरिंगचं एक वर्ष केलं आणि सोडलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केलं की बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून पास केलं तरी 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला बसता येईल. घरी दोन दिवस कुणी माझ्याशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी फीचे पैसे टेबलावर ठेवले. फॉर्म, फोटो, जुन्या मार्कलिस्टची झेरॉक्स हे सगळं एका दुपारीत उरकलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अभ्यासाची सुरुवातही झोकात झाली. जैवरेणूंचा धडा बहुतेकांना जड जातो, मला तो सुट्टीसारखा वाटला. सहसंयुज बंध, आयनिक बंध, हायड्रोजन बंध हे सगळं रसायनशास्त्रात घोटून झालं होतं. डीएनएच्या जिन्यात ॲडेनिन आणि थायमिन दोन हायड्रोजन बंधांनी जोडलेले, ग्वानिन आणि सायटोसिन तीन बंधांनी. म्हणजे ज्या डीएनएत ग्वानिन-सायटोसिनच्या जोड्या जास्त, तो उष्णतेने उकलायला जास्त चिवट. पाठ करायचं काय त्यात? पीसीएमवाल्यांनी याच धड्यापासून सुरुवात करा, पुस्तकात तो कुठेही असो. पहिल्याच आठवड्यात आपल्याला काहीतरी येतं असं वाटलं की पुढचं ओझं हलकं होतं.

माझं ते वाटणं कांद्याने उतरवलं.

प्रयोग साधा आहे: कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या पेशींची स्लाइड करायची आणि सूत्री विभाजनाच्या, म्हणजे एका पेशीच्या दोन होतानाच्या, अवस्था पाहून काढायच्या. आमच्यासारख्या एकाच विषयाच्या मुलांना लॅब फक्त शनिवारी दुपारी १ ते ३ उघडी. मी आकृत्या पुस्तकात बघून सुबक काढून नेल्या होत्या. मॅडमनी जर्नल चाळलं, मिटलं आणि म्हणाल्या, "अगं, हे पुस्तकातलं झालं. स्वतःच्या स्लाइडवर एक तरी मेटाफेज दाखव, मग सही." मेटाफेज म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मधोमध रांगेत येतात ती अवस्था.

पहिला शनिवार. लॅबमध्ये एका बीकरवर कांदा ठेवलेला होता, मुळं बोटभर लांब, टोकं तपकिरी पडलेली. मी मधूनच एक तुकडा कापला, रंगवला, दाबला. सूक्ष्मदर्शकात लांबट चौकोनी पेशी एकाला एक लागून, प्रत्येकीत एक गोल केंद्रक. मॅडमनी डोळा लावला. "ही विटांची भिंत आहे." पेशी विभागतात त्या मुळाच्या अगदी टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. त्याच्या वरच्या पेशी नुसत्या लांब होत असतात. हे मला वाचून माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी टोक बरोबर घेतलं, पण वॉचग्लास स्पिरिट लॅम्पवर इतका वेळ धरला की त्यातला ॲसिटोकार्माइन हा लाल रंग उकळला. लाल चिखल झाला. तिसऱ्या शनिवारी लॅबला कुलूप. कुठे सूचना नाही, कुणाला विचारावं तर ऑफिसही बंद. पाऊण तास एसटीने गेले होते. जिन्यात दोन तास बसले, डबा तिथेच खाल्ला आणि परत आले. त्या दिवशी जीवशास्त्र सोडायचं ठरवलंच होतं.

सोडलं नाही ते लॅबमधल्या मामांमुळे. त्यांना फाटकाशी गाठलं तेव्हा हसून म्हणाले, "ताई, दुपारी कापलेल्या मुळात काय दिसणार? सकाळी आठ-नऊला कापायची. घरूनच कापून आणा." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका छोट्या बाटलीत तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसिटिक आम्ल भरून दिलं. त्यात मुळं टाकली की पेशी आहे त्या अवस्थेत थबकते. चोवीस तास ठेवायची. ही एक गोष्ट जर्नलमधल्या कृतीत छापलेली असते, एका ओळीत, आणि ती ओळ मी तीन आठवडे डोळ्यांखालून घालत होते.

कांद्याचं मात्र आजीने सांगितलं. बाजारातला नवा कांदा घेऊन मी बसले होते, चार दिवस त्याला एक तंतू फुटेना. आजी म्हणाली, "नवा झोपलेला असतो. कांदाचाळीतला जुना घे." जुना घेतला, बुडाच्या वाळक्या मुळ्या ब्लेडने खरवडल्या, तीन टूथपिक खुपसून पेल्यावर ठेवला, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा. रोज पाणी बदललं. तिसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र मुळं पेल्यात उतरली. शुक्रवारी सकाळी साडेआठला कात्रीने कापून बाटलीत टाकली. दुसऱ्या दिवशी एसटीत माझ्या पिशवीला व्हिनेगरचा वास येत होता, शेजारच्या काकूंनी दोनदा नाक मुरडलं.

चौथा शनिवार. वॉचग्लासमध्ये रंगाचे काही थेंब, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब, त्यात मूळ. ज्योतीवर धरायचं आणि लगेच काढायचं, पुन्हा धरायचं, उकळू द्यायचं नाही. हे आम्ल कशाला हे मला त्या दिवशी कळलं आणि कळलं ते रसायनशास्त्रामुळे. दोन पेशींच्या मधे पेक्टिनचा थर असतो. पेक्टिनच्या साखळ्यांना कॅल्शियमचे आयन एकमेकींशी बांधून ठेवतात. आम्ल ती बांधणी सैल करतं, मग पेशी एकमेकींपासून सुटतात आणि दाबल्या की एका थरात पसरतात. ज्या बंधांचा मला एवढा गर्व होता ते इथे माझ्या हाताखाली होते.

मग मूळ स्लाइडवर. टोकाचा सर्वांत गडद भाग ठेवायचा, बाकीचं फेकायचं. कव्हरस्लिप, वर टिपकागद, आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा जरी सरकला तरी पेशी गुंडाळल्या जातात. आधी दहाच्या भिंगाखाली शोधलं. बहुतेक पेशी विश्रांतीत दिसतात, त्याने घाबरू नका. माणसाची पेशी चोवीस तासांचं चक्र धरलं तर जेमतेम तासभर प्रत्यक्ष विभागत असते, कांद्याचीही बराच वेळ तयारीच चालू असते. स्लाइड हळूहळू सरकवत गेले आणि एका पेशीच्या मधोमध आडवी लाल रांग दिसली. मोठं भिंग लावलं. गुणसूत्रं, जाडसर, थोडी वाकडी. शेजारच्या पेशीत तीच दोन टोकांना ओढलेली, पसरलेल्या बोटांच्या दोन पंजांसारखी. कांद्यात सोळा असतात. मोजायला गेले, तेरापर्यंत पोचून गोंधळले.

तो लाल रंग, जाता जाता सांगते, निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून काढतात.

मॅडमनी बराच वेळ पाहिलं. "मेटाफेज आहे," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं झालं. पण त्यांनी पान उलटलं आणि कांद्याच्या वर्गीकरणापाशी लाल पेन टेकवलं. शास्त्रीय नाव मी ॲलियम सेपा असं लिहून खाली एक सलग रेघ मारली होती. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ लागते. ते सुधारलं. मग कुल. मी इंटरनेटवर वाचून ॲमरिलिडेसी लिहिलं होतं, त्यांनी खोडून लिलिएसी केलं. आमच्या जुन्या जर्नलमध्ये तेच होतं. खरं तर डीएनएच्या तुलनेवर उभारलेल्या २००९ च्या वर्गीकरणात कांद्याला लिलीच्या कुलातून काढून ॲमरिलिडेसीत घातलंय. लसूण आधीही त्याच्याबरोबर होता, आताही आहे, त्याच्याही गुणसूत्रांची संख्या सोळाच. मी वाद घातला नाही, सही हवी होती. परीक्षेसाठी तुम्हीही आपल्या पुस्तकात असेल तेच लिहा.

वर्गीकरणाचा धडा मराठीतून करणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड आहे, आणि यात प्रजाती म्हणजे वरची पायरी, ॲलियम. वर्तमानपत्रात 'नवी प्रजाती सापडली' म्हणून छापतात ती बहुधा जाती असते. माझे यात दोन मार्क गेले, सरावाच्या पेपरात. व्हिटेकरच्या १९६९ च्या पाच सृष्टी एका संध्याकाळी होतात. व्होजने १९९० मध्ये मांडलेली तीन अधिक्षेत्रं (सृष्टीच्याही वरची पायरी) त्यांच्या शेजारीच तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर जीवाणू आणि त्यांच्यासारखेच दिसणारे पण वेगळे सूक्ष्मजीव, आर्किया, यांची गल्लत होते.

उत्क्रांती मी शेवटी केली, कथा वाचल्यासारखी. डार्विन आणि वॉलेस यांचं लेखन १८५८ मध्ये एकाच बैठकीत वाचलं गेलं, हे मला आवडलं. बाकी तिथे कुणी अडवलं नाही.

प्रात्यक्षिकाला कांदा आलाच नाही. चिठ्ठीत बटाट्याचा ऑस्मोसिसचा (परासरणाचा) प्रयोग आला आणि तो वीस मिनिटांत झाला.

आणि हो, कव्हरस्लिपची डबी स्वतःची न्या. लॅबमध्ये मोजून देतात, फुटली की वहीत नाव लिहितात. त्या वहीत माझं नाव सात वेळा आहे.