माशाचा डोळा परत येतो, मग माणसाचा का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहिते, कारण लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळीकडे हेच, की तू माशांच्या डोळ्यांवर काम करतेस ना, मग डायबेटिसने गेलेली नजर परत आणणारं औषध कधी येतंय?

हो, झेब्राफिश या छोट्या माशाचा रेटिना, म्हणजे डोळ्यातला पडदा, परत वाढतो. रेटिनाला आधार देणाऱ्या म्युलर पेशी आपल्याही डोळ्यात आहेत, पण माशात इजा झाली की त्या नव्या चेतापेशी बनवतात आणि आपल्यात बहुतेक वेळा नुसता व्रण करून मोकळ्या होतात. २०१७ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत पूर्ण वाढ झालेल्या उंदरांच्या म्युलर पेशींमध्ये एक जीन चालू करून, जोडीला औषध देऊन नव्या चेतापेशी मिळवल्या. पण त्या उंदरांना डायबेटिस नव्हता हो! इजा केमिकल टोचून केलेली. डायबेटिसमध्ये बारीक रक्तवाहिन्या गळतात, बंद पडतात, तिथे नवी पेशी उगवली तरी तिला रक्त कोण देणार?

आता मामाचं, त्यालाही डायबेटिस. कॉन्फरन्समधला माझा फोटो कुणीतरी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली 'आता रेटिना परत वाढणार'. मी नव्हतं लिहिलं ते. मामाला तेवढं पुरलं, मामीला म्हणाला, डोळ्यात सुया कशाला टोचून घ्यायच्या, आपली पोर करतेय ना काहीतरी. आणि इंजेक्शनं बंद. मग एकदा जेवताना उजव्या डोळ्यासमोर काळे धागे उतरले, संध्याकाळपर्यंत नुसता लालसर अंधार, आत रक्तस्राव झालेला. ऑपरेशन झालं, पण पाहिजे तेवढं दिसत नाही, पायरी उतरताना अजून पायाने चाचपतो. मामी एवढंच म्हणाली, "तुला माहीत होतं ना गं?" काय माहीत होतं मला? इंजेक्शनं चालू आहेत हे माहीत होतं, बंद केल्याचं कुणी सांगितलंच नाही.

खरं सांगायचं तर प्रोजेक्टच्या अर्जात पहिली ओळ 'अंधत्वावर उपचार' अशीच असते, माझ्याही. तेव्हा वाटायचं आशा दाखवली तर बिघडलं कुठे. आता ती ओळ वाचवत नाही, पण पुढच्या अर्जातही तीच जाईल, नाहीतर फंड कोण देतं?

मासा मला वेगळंच दाखवतो. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं केमिकल टोचून इन्सुलिनच्या पेशी मारल्या तरी तो त्या परत बनवतो, टोचणं थांबवलं की शुगर उतरते. म्हणजे डायबेटिसमधून चक्क सुटलेला प्राणी! तरी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका लॅबने दाखवलं की अशा माशाच्या शेपटीचा पर कापला तर तो पहिल्यासारखा वाढत नाही, शुगर उतरल्यानंतर जन्मलेल्या पेशींमध्येही ती खोट राहते. रेटिनात असं किती होतं, मला त्यात रस आहे. हे सांगितलं की लोक विषय बदलतात.

मामाचा डावा डोळा बरा आहे. परवा फोनवर म्हणाला, "काय म्हणतात गं तुझे मासे?" मी म्हटलं, या महिन्याचं इंजेक्शन घेतलंस का? त्याने फोन मामीकडे दिला.